डायपरने ठरवलेलं जहाज

क्रूझला जायचं ठरलं तेव्हा घरात प्रत्येकाच्या डोक्यात वेगळं जहाज होतं. नवऱ्याला पाण्याच्या घसरगुंड्या हव्या होत्या, माझ्या आईला जुनी बंदरं बघायची होती आणि मला एवढंच हवं होतं की आठवडाभर "आज जेवायला काय करायचं" हा प्रश्न कुणी विचारू नये. लेक अडीच वर्षांची. तिला विचारण्यात काही अर्थ नव्हता. पण शेवटी जहाज तिनेच ठरवलं, म्हणजे तिच्या वयाने आणि तिच्या डायपरने.

मोठी माणसं क्रूझ शोधतात ती तारीख, भाडं आणि बंदरं बघून. लहान मूल बरोबर असेल तर ही यादी बाजूला ठेवायची आणि आधी वयाचे नियम काढून बसायचं. बहुतेक मोठ्या कंपन्या सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला जहाजावर घेतच नाहीत. अटलांटिक ओलांडणाऱ्या सफरींसारखे जिथे सलग कित्येक दिवस पाण्यातच जाणार असतील, तिथे हीच अट बारा महिन्यांची होते. कारण उघड आहे. जहाजावर डॉक्टर असतो, नर्स असते, छोटा दवाखानाही असतो, पण तान्ह्या बाळाला अचानक जास्त झालं तर लागणारी सोय नसते आणि किनारा लांब असतो. हे वय जहाजावर चढायच्या दिवशी मोजतात, बुकिंगच्या दिवशी नाही. काही जहाजांवर तर मुलांना प्रवेशच नसतो. व्हायकिंगची समुद्रातली जहाजं आणि व्हर्जिन व्हॉयेजेस ही अठराच्या वरच्यांसाठीच आहेत. आईने कुठूनतरी कापून ठेवलेली सुंदर जाहिरात नेमकी त्यातलीच निघाली.

त्यानंतर आला किड्स क्लब, म्हणजे मुलांना सांभाळून खेळवणारी जहाजावरची जागा. जाहिरातीत हा शब्द मोठ्या अक्षरात असतो आणि अटी बारीक अक्षरात. बऱ्याच जहाजांवर तो तीन वर्षांपासून सुरू होतो, आणि नुसती तीन वर्षं पुरत नाहीत, डायपर सुटलेलं असावं लागतं. रॉयल कॅरिबियन या कंपनीची पद्धत अशी आहे, धाकट्यांसाठी त्यांच्या काही जहाजांवर वेगळं पाळणाघर असतं. कार्निव्हल दोन वर्षांच्या मुलांना घेतं आणि डायपर असलं तरी चालतं. डिस्नेच्या जहाजांवर सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंतच्यांसाठी पाळणाघर आहे, त्याचे तासावर वेगळे पैसे पडतात. हे नियम बदलत राहतात, म्हणून कुणाच्या तरी चार वर्षांपूर्वीच्या सफरीवर विसंबू नये, कंपनीच्या चालू पानावरच बघावं. आमच्या लेकीला दोन्हीकडून "थांब" होतं: तीनला सहा महिने कमी, आणि डायपर सोडायचा तिचा काही विचार दिसत नव्हता. नवरा म्हणाला, "निघेपर्यंत शिकवू की." मी त्याला म्हटलं, तू शिकव, पण बुकिंग शिकली नाही असं धरूनच करूया. अनोळखी जागा, हलणारा संडास आणि फ्लशचा तो विमानासारखा फस्सकन आवाज, एवढं सगळं असताना तिथे जाऊन शिकवणं म्हणजे स्वतःच्या सुट्टीवर पाणी सोडणं.

पाण्याचीही तीच गत. ही गोष्ट फार लोकांना तिथे गेल्यावर कळते, म्हणून जरा सविस्तर सांगते. एजंट फोनवर उत्साहात होता.

"मॅडम, या जहाजावर पाच स्विमिंग पूल आहेत."

"डायपर घालणाऱ्या मुलांना त्यातला कुठला चालतो?"

पलीकडे शांतता. मग, "विचारून सांगतो."

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: एकही नाही. यात त्या जहाजाचं काही विशेष नव्हतं. अमेरिकेच्या बंदरांत येणाऱ्या जहाजांना तिथल्या सीडीसी या आरोग्यसंस्थेचे स्वच्छतेचे नियम लागतात. त्यांनुसार डायपरमधल्या किंवा शी-शू न सांगणाऱ्या मुलांना साध्या पूलमध्ये आणि गरम पाण्याच्या टबात उतरवता येत नाही. पोहण्याचं खास डायपर घातलं तरी नाही. इतर ठिकाणीही बहुतेक कंपन्या हाच नियम पाळतात. अपवाद असतो तो छोट्यांसाठी वेगळ्या बनवलेल्या कारंज्यांच्या जागेचा. तिथलं पाणी वेगळं फिरतं आणि वेगळं शुद्ध होतं, म्हणून तिथे पोहण्याचं डायपर चालतं. पण अशी जागा प्रत्येक जहाजावर नसते. एकाच कंपनीच्या नव्या जहाजावर असते आणि जुन्यावर नसते. म्हणून कंपनीला नाही, जहाजाच्या नावानिशी विचारायचं. "डायपर घालणाऱ्या मुलांना उतरता येईल अशी पाण्याची जागा या जहाजावर आहे का?" हा प्रश्न मी लेखी विचारायला लागले आणि यादीतली निम्मी जहाजं आपोआप गळाली. निवड सोपी झाली, हा त्यातला फायदाच म्हणायचा.

समुद्र कुठला, यावर घरात फार वाद झाला नाही. कॅरिबियनचं चक्रीवादळांचं अधिकृत पर्व १ जून ते ३० नोव्हेंबर असतं. त्या काळात जहाजं जातात, पण वादळ आलं की बंदरं बदलतात, आणि आधीच लांबचा विमानप्रवास करून थकलेल्या पोरीच्या डोक्यावर आणखी अनिश्चितता नको होती. अलास्का साधारण मे ते सप्टेंबर चालतं, पण तिथे डेकवर उभं राहून हिमनद्या बघण्यात मजा. अडीच वर्षांच्या मुलीला टोपी डोक्यावर ठेवणंही मान्य नसतं. नॉर्वेच्या फियॉर्डमध्ये, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या अरुंद फाट्यांत, पाणी शांत, पण तिथवर पोचायला उत्तर समुद्र ओलांडावा लागू शकतो. शेवटी पश्चिम भूमध्य समुद्र: जेनोवाहून निघून नेपल्स, मेसिना, माल्टातलं वॅलेटा, बार्सिलोना, मार्सेय आणि परत जेनोवा. सात रात्री. जवळजवळ रोज बंदर आणि मध्ये एक दिवस नुसता समुद्र. उन्हाळ्याची ऐन गर्दी टाळून मे महिना घेतला. शाळा नसलेल्या वयाचा हाच एक मोठा फायदा आहे आणि तो फार थोडी वर्षं टिकतो, तेवढ्यात वसूल करून घ्यावा.

मग केबिन. इथे आम्ही सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि त्याचं मला अजूनही समाधान आहे.

आतली केबिन म्हणजे खिडकी नसलेली, स्वस्त आणि दिवसाही मिट्ट काळोखाची. दुपारची झोप ज्यांच्या घरात पवित्र आहे, त्यांना हा काळोख सोन्यासारखा वाटेल. पण मूल झोपलं की आईबापांनी त्याच काळोखात कुजबुजत बसायचं, नाहीतर संडासात जाऊन मोबाइल बघायचा. बालकनीची केबिन महाग, पण मूल आत झोपलं की दार ओढून बाहेर बसता येतं, समुद्र समोर असतो. नवऱ्याला बालकनीची भीती वाटत होती, आणि ती भीती रास्तच आहे. कठडा चांगला उंच असतो. अमेरिकेच्या २०१० च्या प्रवासी जहाज सुरक्षा कायद्यात तो किमान ४२ इंच असावा असं लिहिलेलं आहे. बालकनीच्या दाराची कडीही सहसा उंच असते. धोका कठड्यापेक्षा खुर्चीचा. मूल खुर्चीवर चढलं की ४२ इंच कमी पडायला वेळ लागत नाही. आम्ही ठरवलं की केबिनमध्ये शिरल्या शिरल्या बालकनीतल्या खुर्च्या आणि ते छोटं टेबल आत घ्यायचं, आम्ही बाहेर बसू तेव्हाच बाहेर काढायचं आणि लेक एकटी कधीच बाहेर जायची नाही. खुर्च्यांमुळे केबिनमध्ये अडचण झाली, पण हा नियम एकदाही मोडला नाही.

अडचण किती होईल याचा अंदाज मात्र आधीच घेतला होता. साध्या केबिन दीडशे ते दोनशे चौरस फुटांच्या आसपास असतात, पण हा आकडा वाचून काही कळत नाही. एका रविवारी नवऱ्याने कागदी चिकटपट्टी घेतली आणि कंपनीच्या नकाशावरून आमची केबिन हॉलच्या फरशीवर आखली. इथे पलंग, इथे कपाट, इथे संडासाचं दार, ते उघडल्यावर इतकं पुढे येणार. मग माळ्यावरून लेकीचा घडीचा पलंग, म्हणजे ट्रॅव्हल कॉट, काढून त्या चौकटीत ठेवला. पलंग आणि कॉट यांच्यामध्ये उरली ती साधारण एक पाऊल जागा. आमचा मोठा, तीन चाकांचा स्ट्रोलर तिथे उघडा राहूच शकत नव्हता. केबिनच्या दारातून तो शिरेल का याचीही शंका होती. कॉरिडॉरमध्ये ठेवू देत नाहीत, आग लागली तर वाट अडते म्हणून. त्याच दिवशी ठरलं, छत्रीसारखा मिटणारा हलका स्ट्रोलर घ्यायचा. लेक त्या पट्ट्यांच्या चौकटीत बसून दिवसभर "माझं जहाज" म्हणत खेळली आणि कुणी पट्टी ओलांडली की ओरडत होती. रात्री पट्ट्या काढायच्या म्हटलं तेव्हा रडारड झाली ती वेगळी.

केबिन कुठल्या मजल्यावर, हे डेकच्या नकाशात बघायचं. जहाज हलतं ते सगळ्यात कमी मध्यावर आणि खालच्या मजल्यांवर. टोकांना आणि वरती हेलकावा जास्त लागतो. मोठ्या जहाजांना पाण्याखाली पंखांसारखे स्थिरक असतात, ते डावी-उजवीकडचं डोलणं बरंच कमी करतात, पण पुढेमागे होणारी आपटणी त्यांच्या हातात नसते. आवाजाचा हिशोब वेगळा. पूलच्या डेकच्या लगेच खाली केबिन घेतली तर पहाटेपासून डोक्यावर आरामखुर्च्या ओढल्याचा आवाज. थिएटरच्या वर घेतली तर रात्री ढोल. जिच्या वरही केबिन आणि खालीही केबिन, ती सगळ्यात शांत. "गॅरंटी" नावाची एक स्वस्त सोय असते, तिच्यात केबिनचा प्रकार आपण निवडतो आणि नंबर ते नंतर देतात. जोडपं असेल तर जरूर घ्यावी. मूल असेल तर ते चार पैसे वाचवू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

आईसाठी शेजारची केबिन हवी होती, मधलं दार उघडणारी. अशा जोडकेबिनी मोजक्या असतात आणि सगळ्यात आधी जातात. आणि इथेच एक गोष्ट कळली जी मला कुणी सांगितली नव्हती. एका तारखेला संकेतस्थळ दोघांसाठी केबिन दाखवत होतं, पण तिसरं माणूस म्हणून लेकीचं नाव घातलं की "उपलब्ध नाही". एजंटने खुलासा केला: केबिन रिकामी असते, पण जहाजाच्या त्या भागाला नेमून दिलेल्या लाइफबोटीतल्या जागा भरलेल्या असतात. मांडीवरचं बाळ असलं तरी त्याचं डोकं मोजलंच जातं. विमानात दोनच्या आतलं मूल मांडीवर बसतं, इथे तो हिशोब नाही. म्हणजे तीन-चार जण एका केबिनमध्ये जाणार असतील त्यांनी जोडप्यांपेक्षा बरंच आधी बुकिंग करायला हवं. आम्ही तारीख एक आठवडा पुढे सरकवली आणि दोन्ही केबिन मिळाल्या. केबिन पक्की होताच लगेच कॉटची मागणी लेखी नोंदवली, कारण तेही मोजकेच असतात.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. पासपोर्टची मुदत परतीनंतरही सहा महिने उरेल अशी असली म्हणजे कुठेच प्रश्न येत नाही. लहान मुलांच्या पासपोर्टची मुदत मोठ्यांपेक्षा कमी असते, तोच नेमका संपत आलेला असतो. आम्हाला शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा, लागणार होता. आमची सगळी बंदरं शेंगेनमधलीच होती, त्यामुळे सोपं गेलं. सफरीत तुर्कस्तान, मॉन्टेनेग्रो किंवा ट्युनिशिया असेल तर एकाहून जास्त वेळा आत येऊ देणारा (मल्टिपल एंट्री) व्हिसा मागावा, नाहीतर परत शेंगेन बंदरात उतरताना पंचाईत. सहा वर्षांखालच्या मुलांना या व्हिसाची फी नसते आणि बाराच्या आतल्यांचे बोटांचे ठसे घेत नाहीत, पण अर्ज, फोटो, विमा सगळं वेगळं लागतं. लेकीचा पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा, तोंड मिटलेला फोटो काढणं हा या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात कठीण भाग होता. आईवडिलांपैकी एकच बरोबर जाणार असेल तर दुसऱ्याचं संमतिपत्र न्यावं. विमा घेताना त्यात जहाजावरचा उपचार आणि तिथून हलवण्याचा खर्च आहे ना, एवढं नक्की वाचावं. जहाजावरच्या दवाखान्याचं बिल वेगळं येतं आणि ते किरकोळ नसतं. भाड्याव्यतिरिक्त रोजची माणशी सेवाफी असते. मुलांना ती किती, हे कंपनीगणिक बदलतं, आधी विचारलेलं बरं.

बंदरांचा अभ्यास आईने घेतला. तिची एक वही आहे, त्यात प्रत्येक बंदराला एक पान. मी तिला फक्त एक रकाना जास्त आखून दिला: "गाडीशिवाय किती जाता येतं?" कारण परक्या गावात टॅक्सीला मुलाची सीट असेलच असं नाही आणि स्वतःची सीट बरोबर घेऊन बंदरं फिरणं शक्य नाही. या एका रकान्याने आमची सफर पार बदलून टाकली.

मार्सेयचा क्रूझ धक्का गावातल्या जुन्या बंदरापासून काही किलोमीटर लांब, बसशिवाय पर्याय नाही. तिथे मी आधीच फुली मारली. मेसिना उलट. जहाज गावालाच लागतं आणि कॅथेड्रल चालत काही मिनिटांवर. तिथल्या घंटाघरावर १९३३ मध्ये बसवलेलं यांत्रिक घड्याळ आहे. दुपारी बाराला त्यातला सोनेरी सिंह मान हलवून गर्जना करतो आणि मग कोंबडा आरवतो. मेसिना ज्यांच्या यादीतही नसतं, ते बंदर आमच्या लेकीला सगळ्यात आवडलं. सिंहाला ती घाबरेल असं आईला वाटलं होतं. ती त्याला "परत" म्हणत होती. वॅलेटात जहाज किल्ल्याच्या तटाखाली लागतं आणि वर बागेत जायला लिफ्ट आहे, स्ट्रोलरसकट वर जाता येतं. आईच्या वहीत तिथे लाल अक्षरात लिहिलेलं: "बाराला आणि चारला तोफ उडते. त्यावेळी लेक झोपलेली नको." जेनोवात विमानाने एक दिवस आधी पोचायचं हे पहिल्यापासून ठरलेलं. विमान चुकलं किंवा लांबलं तर जहाज थांबत नाही. त्या जास्तीच्या दिवसात जुन्या बंदरावरचं १९९२ साली सुरू झालेलं मोठं मत्स्यालय झालं. लेकीचं झोपेचं घड्याळही थोडं रुळावर आलं.

नेपल्सवरून मात्र खरी चर्चा झाली. आईला ज्वालामुखीच्या राखेत गाडलं गेलेलं पाँपेई हे प्राचीन रोमन शहर बघायचं होतं. बाबागाड्या आणि चाकांच्या खुर्च्यांसाठी सोपा केलेला एक मार्ग तिथे आहे, पण बाकी सगळे रस्ते मोठाल्या ओबडधोबड दगडांचे आणि सावली फार कमी. शिवाय जाण्यायेण्याचा वेळ नेमका लेकीच्या दुपारच्या झोपेवर पडत होता.

"आई, आपल्याला नाही जमणार सगळ्यांना," मी म्हटलं.

"मग मीही राहते. पोरीला टाकून कशाला?"

"सासूबाई, तुम्ही आणि मी जाऊ," नवरा म्हणाला. "त्या दोघींना जहाज मोकळं मिळेल."

तसंच केलं. आणि बंदराच्या दिवशी जहाजावर राहणं हा चोरून ठेवावा असा शोध आहे. सगळे खाली उतरलेले, कारंज्यांच्या जागी आमच्यासारख्या दोन-तीन आया आणि त्यांची पोरं, जेवणाच्या रांगेत कुणी नाही. मी पाय पाण्यात सोडून बसले होते आणि लेक एका बादलीने समुद्र रिकामा करत होती. आई आणि नवरा कंपनीच्या सहलीने गेले होते. ती महाग पडते, पण ती सहल उशिरा आली तर जहाज थांबतं. आपण आपले गेलो आणि उशीर झाला तर ते निघून जातं, आणि पुढचं बंदर स्वखर्चाने गाठावं लागतं. परत चढायची शेवटची वेळ जहाज निघण्याच्या निदान अर्धा तास आधीची असते. लांबच्या जागी त्यांची सहल आणि चालत जायच्या जागी आपलं आपण, असा आमचा नियम होता.

तब्येतीचं म्हणाल तर बोट लागण्याची भीती मलाच जास्त होती. दोन वर्षांखालच्यांना बोट क्वचित लागते आणि दोन ते बारा या वयात जास्त, म्हणजे आमची नुकतीच त्या गटात आलेली. औषध कुठलं आणि किती, हे लेकीच्या डॉक्टरांकडून लिहून घेतलं. मोठ्यांची गोळी अर्धी करून देणं हा उपाय नाही. ते औषध लागलंच नाही, पण तापाचं लागलं, आणि ते आपलं आपल्याजवळ होतं म्हणून दवाखान्याची पायरी चढावी लागली नाही. दुसरी गोष्ट हात धुण्याची. जहाजांवर पोटाचे आजार पसरवणारा नोरोव्हायरस अल्कोहोलच्या जेलला फारसा बधत नाही, त्याला साबण आणि पाणीच लागतं. बुफेच्या दारात जेल घेऊन हसतमुख माणूस उभा असतो, त्याच्याकडून जरूर घ्या, पण आधी बेसिन गाठा. लेकीला दोन्ही आवडायचं, त्यामुळे आमच्या टेबलावर पोचायला वेळ लागायचा.

सामानाबद्दल एकच मुद्दा महत्त्वाचा. धक्क्यावर बॅगा ताब्यात दिल्या की त्या केबिनला पोचायला संध्याकाळ होऊ शकते. केबिनही लगेच मिळत नाही. म्हणून दिवसभराचे डायपर, कपड्यांचा एक जोड, पोहायचे कपडे, औषधं आणि तो एक ठरावीक ससा हे सगळं पाठीवरच्या पिशवीत. जहाजावरच्या दुकानात डायपर मिळतात, पण आपला आकार असेलच असं नाही आणि भाव विचारू नये. म्हणून डायपर पूर्ण आठवड्याचे नेले आणि परत येताना त्या जागेत खरेदी बसली. साध्या केबिनमध्ये बहुतेक वेळा नुसता शॉवर असतो, टब नसतो. हवा भरायचा छोटा टब पुष्कळ कामाला आला. इलेक्ट्रिक किटली आणि इस्त्री नेऊ देत नाहीत, सर्ज प्रोटेक्टर (वीज अचानक वाढली तर उपकरणं वाचवणारी सोय) असलेला एक्स्टेंशन बोर्डही काढून घेतात. घरचं शिजवलेलं अन्न सहसा चालत नाही, बंद पाकिटातलं बाळाचं खाणं चालतं. जहाज सुटलं की मोबाइल एअरप्लेन मोडवर टाकायचा, नाहीतर तो जहाजावरच्या उपग्रहाच्या नेटवर्कला जाऊन चिकटतो आणि बिल घरी आल्यावर कळतं.

जेवणाची वेळ बुकिंग करतानाच विचारतात. आम्ही लवकरची घेतली. रात्री साडेआठच्या पाळीत अडीच वर्षांचं मूल म्हणजे शेजारच्या टेबलावर अन्याय.

पहिल्या दिवशी सुरक्षेची कवायत असते आणि ती टाळता येत नाही, टाळूही नये. १३ जानेवारी २०१२ च्या रात्री इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया हे क्रूझ जहाज खडकावर गेलं, ३२ माणसं दगावली. त्याच संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत तोवर झालेलीच नव्हती, कारण तेव्हा ती चोवीस तासांत घेतली तरी चालत होती. १ जानेवारी २०१५ पासून आंतरराष्ट्रीय नियमच बदलला: जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी. बऱ्याच जहाजांवर आता चित्रफीत फोनवर किंवा टीव्हीवर बघायची आणि आपल्या ठरलेल्या जागी जाऊन हजेरी लावायची, एवढंच असतं. मूल असेल तर त्यात दोन कामं स्वतःहून करावी लागतात. एक, लहान मापाचं लाइफ जॅकेट केबिनमध्ये आहे का बघायचं. आमच्या कपाटात सगळी मोठ्यांची होती, केबिन सांभाळणाऱ्या दादांना सांगितल्यावर दहा मिनिटांत छोटं आलं. दोन, ते एकदा घालून बघायचं. पायांमधला पट्टा आवळल्यावर लेकीने जे काही तोंड केलं, त्यावरून हे खऱ्या प्रसंगी पहिल्यांदा करायचं काम नाही हे लक्षात आलं. धोक्याच्या भोंग्याची सवयही मी घरीच करून आणली होती: सात छोटे आणि एक लांब. जहाजावर तो वाजला तेव्हा आजूबाजूची पोरं रडत होती आणि आमची बोटं मोजत होती. सातपर्यंत मोजणं तिला येत नव्हतं, पाचनंतर थेट दहा.

शेवटच्या रात्रीचा एक नियम मात्र आईच्या वहीतूनच उचलावा. मोठ्या बॅगांना रंगीत पट्टी लावून त्या रात्रीच केबिनबाहेर ठेवायच्या असतात, सकाळी त्या धक्क्यावर सापडतात. उद्याचे कपडे, चपला, डायपर आणि पासपोर्ट त्यात जाता कामा नयेत. आईने चौघांचे उद्याचे कपडे आधी खुर्चीवर काढून ठेवले, मगच बॅगांच्या चेनी लावू दिल्या. सकाळी लिफ्टमध्ये एक गृहस्थ सूट आणि हॉटेलातल्या पांढऱ्या सपाता घालून उभे होते. त्यांच्या बायकोने आमच्याकडे बघितलं आणि काहीच बोलली नाही.